बिबट्या म्हणून आणलेला बोका

बालमित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तीच समजावता समजावता माझं आयुष्य सरलं. मी बिबट्या नाही. मी एक म्हातारा बोका आहे. अंगावर काळे-तपकिरी ठिपके आहेत, चाल दबकी आहे, डोळे हिरवे आणि मोठे आहेत, लांबून पाहणाऱ्याच्या छातीत क्षणभर धस्स होतं, हे सगळं मान्य. पण आता कपाटावर चढायचं तर मला मध्ये खुर्ची लागते, आणि थंडीत मागचा उजवा पाय असा आखडतो की उठताना तोंडातून आपोआप शिवी निघते. ती शिवी माणसांना ‘म्याऊ’ अशी ऐकू येते, हे माझं नशीब.

आमच्या जातीला बेंगाल म्हणतात. कित्येक पिढ्यांमागे आमच्या कुण्या पणजीचा रानमांजराशी घरोबा झाला होता. त्या पणजीने आम्हाला दोन गोष्टी दिल्या. एक हे कातडं, जे सगळ्यांना हवं असतं. दुसरी अंगातली रग, जी कुणालाच नको असते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मिळत नाहीत, एवढी साधी बाब माणसांच्या डोक्यात का शिरत नाही, कोण जाणे!

माझा जन्म मांजरं पाळून विकणाऱ्या एका बाईंकडे झाला. बाई उंच, आवाज खणखणीत, हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. त्यांच्या घरात भिंतीभर फळ्या ठोकलेल्या होत्या आणि आम्ही भावंडं त्यांवरून दिवसभर धावत असू. तिथे एक दिवस माझा फोटो पाहून बाबा आले. हे बाबा म्हणजे पुढे माझे झालेले मालक. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. बाबांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माणसांच्या हिरड्यांचे साचे पाठवत आणि बाबा घरातल्या मागच्या खोलीत बसून त्यावर मेण चढवत, दात बसवत, घासूनपुसून चकचकीत करत. माणूस शांत आणि बारीक नजरेचा. दिवसभर समोर नुसतं दुसऱ्यांचं हसू, तेही प्लास्टरमधलं. अशा माणसाला घरात काहीतरी रानटी, झळाळतं असावंसं वाटलं, यात मला नवल वाटत नाही.

“दिवसभर घरी कोण असतं?” बाईंनी विचारलं.

“मीच असतो की. काम घरातच आहे माझं.”

“बसून?”

“बसूनच.”

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “हे बघा, हे मांजर बसणाऱ्यातलं नाही. याला रोज दमवावं लागतं, कुत्र्यासारखं फिरवावं लागतं. हे पाण्यात उतरतं, दारं उघडतं, घसा ताणून ओरडतं. मांडीवर घेऊन कुरवाळायला हवं असेल तर दुसरं बघा.”

“हो हो, माहितीये मला,” बाबा म्हणाले. त्यांचा अंगठा तेव्हा माझ्या पाठीवरचे ठिपके चाचपत होता. ऐकत कुणीच नव्हतं.

घरी माझं स्वागत जोरात झालं. मुलीचं नाव काय ते मला आजतागायत ठाऊक नाही, कारण तिच्या इवल्याशा नाकामुळे सगळे तिला बटणच म्हणत. तिने मला पाहिलं आणि किंचाळून घर डोक्यावर घेतलं. “बिबट्या! बाबांनी बिबट्या आणला!” तेच माझं नाव पडलं. लाडात बिब्या. आई मात्र दारातच उभी राहिली. ती शाळेची बस चालवायची. सकाळची फेरी संपवून दुपारपर्यंत घरी यायची, घटकाभर आडवी व्हायची आणि पुन्हा पोरं सोडायला निघायची. बसभर पोरांचा कालवा ऐकून आलेल्या बाईला घरात काय हवं असतं? शांतता.

“मी नको म्हटलं होतं ना?” ती म्हणाली.

“अगं, बघ तरी किती देखणा आहे.”

“देखणा आहेच. पण तो करणार काय आहे दिवसभर?”

हा प्रश्न त्या घरात फक्त तिनेच विचारला होता, मित्रांनो. बाबा तोवर मला उजेडात धरून ठिपके न्याहाळत होते.

पहिले काही महिने मी कौतुकात न्हाऊन निघालो. पाहुणे आले की बाबा मला उचलून दिवाणखान्यात आणत. लोक फोन काढत, फोटो घेत, “बापरे, हा अंगावर येत नाही ना?” असं घाबरल्याचं नाटक करत. मग फोन खिशात जायचे, चहा यायचा आणि मला खाली ठेवलं जायचं. माझा तर जीव तेव्हा कुठे रंगात आलेला असायचा. मी पडद्यावरून छतापर्यंत चढून दाखवायचो. टाळ्या पडायच्याऐवजी चप्पल पडायची.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? सकाळी बटण शाळेत, आई बसवर, बाबा मागच्या खोलीत दार लोटून बसलेले. खिडकीबाहेर कबुतरं, आणि मध्ये काच. अंगात एवढी रग की कान सळसळायचे. मी दाराशी बसून हाका मारायचो. आमचा आवाज काही नाजूक नसतो. आतून बाबा म्हणायचे, “बिब्या, गप्प!” मी आणखी मोठ्याने हाक मारायचो, कारण उत्तर तर मिळालं होतं. मग मी दाराच्या मुठीला लोंबकळून दार उघडायला शिकलो. बाबांना त्याचं पाच मिनिटं कौतुक वाटलं, पुढे आयुष्यभर वैताग.

मग पाणी. मला पाणी आवडतं. साध्या मांजरांना पाणी दिसलं की ती अंग चोरतात, मला मात्र नळाची धार दिसली की पंजे शिवशिवतात. स्वयंपाकघरातला नळ दांड्याचा होता. तो वर ढकलला की धार सुरू व्हायची. एका दुपारी मी तो ढकलला, मनसोक्त खेळलो आणि कंटाळून झोपायला गेलो. नळ बंद करायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आई घरी आली तेव्हा सिंकच्या भोकावर ताटली अडकून पाणी मागच्या खोलीत शिरलं होतं आणि प्लास्टरच्या गोण्या तळापासून दगड झाल्या होत्या. बाबा कानाला गाणी लावून काम करत बसले होते, त्यांचे पाय ओले होईपर्यंत त्यांना पत्ता नव्हता.

“तुमचा बिबट्या,” आई पोछा पिळत म्हणाली, “आणि कमरेत वाकायचं मी.”

त्यानंतर मला न्हाणीघरात कोंडायला सुरुवात झाली. आधी घटकाभर, मग सकाळभर. न्हाणीघराला वर एक झरोका होता आणि भिंती गुळगुळीत. मी उड्या मारमारून पंजे दुखवून घेतले. साबण कुरतडला, टॉवेलच्या चिंध्या केल्या. बाहेर सोडलं की आत साठलेलं सगळं एकदम उसळायचं आणि मी सोफ्यावरून टेबलावर, टेबलावरून बटणच्या डोक्यावर असा सुटायचो. ते बघून बाबा म्हणायचे, “पाहिलंस? म्हणून तर कोंडावं लागतं याला!” आणि मी मनात म्हणायचो, अहो, कोंडता म्हणून तर! पण ते ‘म्याऊ’च ऐकू यायचं. या एका शब्दाने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुत्र्यांनीही केलं नसेल.

बटणची तर वेगळीच तऱ्हा. तिला माझ्या गळ्यात रिबीन बांधायची असायची. मी दोन पायांवर उभा राहून तिच्या वेणीशी कुस्ती खेळायला बघायचो आणि तिच्या हातावर ओरखडा उठायचा. ती रडायची, मी कपाटावर जाऊन बसायचो, आणि आमचं प्रेम असंच अर्धवट राहायचं.

मग आली हेडमास्तरांची कवळी.

हेडमास्तर म्हणजे एक निवृत्त गृहस्थ, बाबांकडे थेट येणारं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या शाळेत मोठा समारंभ होता आणि भाषण त्यांचं होतं. नवी कवळी त्यासाठीच करायला घेतली होती. बाबांनी जीव ओतून ती बनवली. समारंभाच्या सकाळी ती तयार होऊन टेबलावर पाण्याच्या काचेच्या वाडग्यात पडली होती, कारण कवळी कोरडी ठेवली की वाकडी होते म्हणे. बाबा दाढी करायला गेले. दार ओढलं, पण कडी लावली नाही.

मित्रांनो, पाण्यात गुलाबी काहीतरी हलत होतं. त्याला मासा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मी पंजा घातला, ती निसटली, पुन्हा घातला. काय सांगू तुम्हाला, कित्येक महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता! वरची कवळी तोंडात धरून मी बाहेर आलो, फरशीवर सरकवली, मागे धावलो, पुन्हा धरली. मग खालची आणली. ती गुळगुळीत होती, मस्त घसरत होती. घसरत घसरत ती गॅलरीच्या गजांखालून गेली आणि रस्त्यावर पडली. खालून एक हातगाडी गेली. ‘कट्’ असा बारीक आवाज आला.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बटणने दार उघडलं. कोट घातलेले हेडमास्तर आत आले आणि समोर मी, वरची कवळी तोंडात धरून उभा. बटण नंतर सांगायची की मी अगदी दात काढून हसल्यासारखा दिसत होतो.

“ही... ही माझी ना?” हेडमास्तर म्हणाले. तोंडात दात नसल्यामुळे शब्द नुसती हवा होऊन आले.

बाबा अर्ध्या गालावर साबण घेऊन धावत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गॅलरीतून खाली पाहिलं. “सर, मी... जुनी कवळी आहे का तुमच्याकडे?”

“तुम्हीच म्हणालात, टाकून द्या,” हेडमास्तर म्हणाले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले, खिशातून भाषणाचा कागद काढला, तोंडातल्या तोंडात एक वाक्य म्हणून पाहिलं. त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग कागद घडी करून त्यांनी परत खिशात ठेवला आणि जिना उतरून गेले. ते समारंभाला गेलेच नाहीत, असं पुढे कळलं. बाबांकडे तर पुन्हा कधीच आले नाहीत.

बाबांचा पारा तेव्हा नाही चढला. तो संध्याकाळी चढला. “बस्स,” ते म्हणाले. “मी हात टेकले. हे जनावर या घरात नको.”

बटण ओक्साबोक्शी रडली. आई भाकरी थापत राहिली. तिला तर हेच हवं होतं, असं मला वाटलं.

मला घेऊन गेला एक लाकडाच्या वखारीचा मालक. त्याचीही कवळी बाबांनीच केली होती. बाबा पिशवीच्या जाळीतून माझ्याकडे बघत म्हणाले, “मोठी वखार आहे. उंदीर आहेत, मोकळी जागा आहे. मजेत राहील.” हे ते मला सांगत होते की स्वतःला, ते मला कळलं नाही.

पहिले काही दिवस खरंच मजेचे गेले. ओंडक्यांचे डोंगर, भुशाचा वास, उंदरांची पळापळ. पण मालकाच्या लक्षात आलं की फळ्या घ्यायला आलेली माणसं आधी मला बघायला थांबतात. झालं! त्याने कुत्र्याचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला, दोरीने मला फाटकाच्या खांबाला बांधलं आणि वर पुठ्ठ्याची पाटी लावली: ‘सावधान, बिबट्या’. लोक हसायचे. काठीने डिवचायचे, मी फिस्कारलो की टाळ्या वाजवायचे. दोरी एवढी आखूड की खांबाला वळसा घातला की मान खाली. सावली कलायची, मी मात्र उन्हात. सुरुवातीला मी ओरडलो. मग माझा आवाज बसला. आणि मग ओरडावंसं वाटेनासं झालं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढा शहाण्यासारखा वागलो तो फक्त तेव्हाच. मालक लोकांना सांगायचा, “किती गुणी आहे बघा, हलतसुद्धा नाही.”

आईच्या बसचा रस्ता त्या वखारीवरूनच जात होता. बस आली की खिडक्यांतून पोरं ओरडायची, “बिबट्या! बिबट्या!” मी मान वर करून बघायचो. चालकाच्या खिडकीत तिचा चेहरा दिसायचा, सरळ समोर बघणारा. रोज तसाच. पुढे पुढे मी बघायचं सोडून दिलं.

एका दुपारी बस रिकामी परतत होती. ती फाटकापुढून गेली आणि पुढे जाऊन करकचून थांबली. मग मागे मागे आली. आई उतरली. तिच्या हातात काहीही नव्हतं, पिशवी नाही की टोपली नाही. ठरवून आली नव्हती, एवढं नक्की.

“मांजर न्यायला आले,” ती म्हणाली.

मालक खुर्चीतून उठलाही नाही. “वहिनी, दिलं ते दिलं.”

“बांधायला नव्हतं दिलं.”

“मग काय करू? सोडलं की छपरावर चढतो, कौलं पाडतो. तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या घरात काय कमी धिंगाणा घातला याने?”

“ते मला सांगू नका. माझ्या घरचे पडदे बघून जा एकदा.”

“मग परत कशाला नेताय?”

या प्रश्नावर ती अडखळली. दोरीची गाठ सोडवत होती, तिची बोटं थांबली. “रोज इथून जाते मी,” ती म्हणाली. “रोज जावं लागतं मला.” आणि तिने दातांनी गाठ ओढून सोडवली.

बसमध्ये तिने मला आपल्या मागच्या सीटवर ठेवलं. इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. आरशातून माझ्याकडे बघितलं. “ऐक,” ती म्हणाली. “मला तू नको होतास. अजूनही नकोच आहेस. पण असा नाही.” आणि तिने गियर टाकला.

मी ओरडून उत्तर द्यायचा प्रयत्न केला. नुसती हवाच आली, हेडमास्तरांसारखी.

घरी आल्यावर मोठा वाद झाला. बाबा म्हणाले, “अगं, तूच तर कटकट करत होतीस!”

“करत होते, आणि करणारच आहे. तुम्ही गेला होतात का एकदा तरी तिथे? बघायला?”

बाबा माझ्याजवळ वाकले. माझ्या मानेवर पट्ट्याने केस झडून लाल रेघ उठली होती, ती त्यांना तेवढ्यात दिसली. बारीक नजरेचा माणूस, दिसल्याशिवाय राहणार कशी?

“माझ्या कामाचं काय पण?” थोड्या वेळाने त्यांनी हळू विचारलं.

“खोलीला आतून कडी लावा. आणि काम सुरू करायच्या आधी याला दमवा. मी पोरांच्या दोन खेपा करते, तुम्हाला याची एक जमणार नाही?”

दुसऱ्या दिवसापासून बाबा घमेल्यात पाणी घेऊन, दोऱ्याला बाटलीचं बूच बांधून माझ्यासमोर फतकल मारून बसू लागले. कुरकुरत, घड्याळ बघत, गार झालेला चहा पीत. एकदा बूच ओढता ओढता ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “फोटोत तू गप्प बसला होतास रे.” त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य. मी बूच सोडून त्यांच्या अंगठ्याला चावलो. हळूच.

भिंतीवर फळ्या ठोकल्या गेल्या. त्या दुसऱ्या वखारीतून आणल्या, हे सांगायला नकोच. पाठीला पट्टे बांधून संध्याकाळी बाबा मला फिरवायला नेऊ लागले, तेव्हा गल्ली हसली. “कुत्र्याचं मांजर झालं की मांजराचा कुत्रा?” बाबा मान खाली घालून चालायचे आणि बटण त्यांच्या वाटणीची मान वर करून चालायची. सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र समजू नका. मी नंतरही चष्मे पाडले, फुलदाणी फोडली, आईची दुपारची झोप तर कित्येकदा मोडली. ती उठून म्हणायची, “कुठून दुर्बुद्धी झाली आणि त्या दिवशी ब्रेक मारला!” आणि मग घमेलं भरायला जायची.

वर्षं गेली. बटण शिकायला परगावी गेली, बाबांचे केस पिकले, माझे पाय आखडले. फोटो काढणारे मात्र अजून येतात. “कुठे मिळतं हो असं मांजर?” हा त्यांचा पहिला प्रश्न. बाबा आता पत्ता देत नाहीत. ते माझे फिरायचे पट्टे त्यांच्या हातात ठेवतात आणि म्हणतात, “आधी काही दिवस रोज येऊन याच्याशी खेळा, याला फिरवा. मग बोलू.” बहुतेक जण हसून पट्टे परत करतात. काही जण एकदा येतात. पाऊस आला, कंटाळा आला, सुट्टी आली, की यायचे बंद.

मागच्या हिवाळ्यात समोरच्या इमारतीतली एक चष्मेवाली मुलगी आली. तुमच्याच वयाची असेल. ती दुसऱ्या दिवशी आली, नंतरही येत राहिली. गारठ्यात कानटोपी घालून आली. मी ओरडलो तेव्हा तिने कान झाकले नाहीत, मी पाय आखडून वाटेत बसलो तेव्हा ती शेजारी बसून राहिली. आठवडे गेले. तिच्या आईवडिलांची तयारी होती, पिल्लूही बघून ठेवलं होतं म्हणे. बाबांना वाटलं, झालं, ही घेणार.

एका संध्याकाळी तिने पट्टे नीट गुंडाळून टेबलावर ठेवले. “काका,” ती म्हणाली, “मी नाही घेणार. माझी शाळा असते, आई-बाबा ऑफिसात. त्याला दिवसभर एकटं बसावं लागेल. मला नाही जमणार.” तिचे डोळे भरले होते. मग तिने विचारलं, “मी याच्याकडे मात्र येत जाऊ का?”

मित्रांनो, माझ्या या कातड्याचं कौतुक आजवर शेकडो लोकांनी केलं. माझ्यातल्या जनावराचा एवढा विचार करून ‘मला नाही जमणार’ असं म्हणणारी ती एकटीच. तुम्हालाही कधी कुठलं जनावर आवडलं, तर त्याच्या रंगावर हात फिरवण्याआधी ते दिवसभर काय करेल, हे विचारा. आणि जमणार नसेल तर तिच्यासारखं स्पष्ट सांगा. कितीतरी जनावरांच्या गळ्यात पडू पाहणाऱ्या दोऱ्या तिथेच तुटतील.

ती अजून येते. आज जरा उशीर झालाय तिला, म्हणून मी दाराशी बसून हाका मारतोय, आणि आतून बाबा ओरडताहेत, “बिब्या, गप्प!”